‘दोन हजार भरा, तीन दिवसांत पेपर’ : सीमाभागातल्या भाषा-संशोधकांना येणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथल्या एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज थोड्याफार फरकानं फिरत असतो. त्याचा सारांश असा: भाषाविज्ञानात नाव काढायचं तर पुणे, दिल्ली, नाहीतर परदेश गाठावा लागतो. चांगली जर्नल्स डॉलरमध्ये पैसे घेतल्याशिवाय छापत नाहीत. सीमाभागातली मराठी कानडीनं बिघडलेली, तिच्यावरचा पेपर घेणार कोण? मराठीत लिहिलेलं मोजलं जात नाही. तेव्हा दोनेक हजार रुपये भरा आणि तीन दिवसांत यूजीसी केअर यादीतल्या जर्नलात पेपर, आयएसएसएन क्रमांक आणि आंतरराष्ट्रीय परिषदेचं प्रमाणपत्र असं सगळं एकदम घ्या.

यातले काही दावे साफ खोटे आहेत. काहींत थोडं तथ्य आहे आणि त्याच्या आडूनच बाकीचा माल खपवला जातो. म्हणून एकेक वेगळा घेऊ.

‘यूजीसी केअर यादीतलं जर्नल’

विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) मान्य केलेल्या जर्नलांची ही यादी आता अस्तित्वातच नाही. यूजीसीनं ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत ती बंद करायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तशी जाहीर सूचना काढली. (नेमक्या त्याच ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात दर्जा दिला. ती बातमी तासाभरात गटागटांत पोचली, यादीची अजून अनेक गटांत पोचायची आहे.) यादीच्या जागी यूजीसीनं काही निकष सुचवले आहेत आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. त्यामुळे नोंदणी राणी चन्नम्मा विद्यापीठात असो की शिवाजी विद्यापीठात, तिथल्या संशोधन विभागाकडून चालू परिपत्रकाची प्रत मागून घ्यावी. गाईडच्या आठवणीवर विसंबू नये, कारण ती बहुधा मागच्या नियमावलीची असते.

प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीतली यूजीसीची अट २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. पण ‘यूजीसीचा नियम आहे, घाई करा’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला घाई तुमच्या पैशांची आहे.

‘आयएसएसएन आहे म्हणजे जर्नल खरं’

आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक. भारतात तो राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. या नावाचं नियतकालिक नोंदलेलं आहे, एवढंच तो सांगतो. आत काय छापलं जातं याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाकून पाहावा, कारण कधीकधी तिथं भलत्याच नियतकालिकाचं नाव निघतं. म्हणजे क्रमांक उचललेला असतो. त्याहून पक्की लबाडी म्हणजे नक्कल: जुन्या, नावाजलेल्या जर्नलच्या नावानं दुसरंच संकेतस्थळ उभं करतात आणि पेपर तिथं मागवतात. त्यावर उपाय एकच. मेसेजमधल्या लिंकवर जायचंच नाही. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतून किंवा मूळ प्रकाशकाच्या पानावरून आत शिरायचं.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’चंही तसंच. जर्नलातल्या लेखांचा इतरत्र सरासरी किती उल्लेख होतो ते सांगणारा, जगभर या नावानं ओळखला जाणारा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. दुसऱ्याच कुठल्या संस्थेनं दिलेला आकडा मुखपृष्ठावर ठळक छापला असेल, तर तो विकत घेतलेला समजायला हरकत नाही.

आणि तीन दिवस? संपादकानं वाचायचं, दोन जाणकार शोधायचे, त्यांनी वेळ काढून मतं द्यायची, लेखकानं दुरुस्त करायचं. याला महिने लागतात. तीन दिवसांत फक्त फाईल अपलोड होते.

‘पैसे घेतल्याशिवाय कुणी छापत नाही’

यात तथ्य आहे ते एवढंच, की मोठ्या प्रकाशकांच्या काही ओपन अ‍ॅक्सेस (वाचकांना मोफत) जर्नलांत लेखकाकडून शुल्क घेतात आणि ते आपल्याला झेपणारं नसतं. पण भाषाविज्ञानात दुसरे रस्ते भरपूर आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलात लेखकाला काही भरावं लागत नाही. लेख वाचकांना मोफत हवा असेल तरच शुल्काचा पर्याय पुढे येतो, आणि तो नाकारता येतो. ‘जर्नल ऑफ साउथ एशियन लँग्वेजेस अँड लिंग्विस्टिक्स’ हे आपल्या विषयाला जवळचं. ‘लँग्वेज डॉक्युमेंटेशन अँड कॉन्झर्व्हेशन’ हे हवाई विद्यापीठाचं जर्नल लेखकाला आणि वाचकाला दोघांनाही मोफत आहे. बर्लिनची लँग्वेज सायन्स प्रेस तर भाषाविज्ञानाची अख्खी पुस्तकं लेखकाकडून पैसे न घेता छापते.

खरं शुल्क ओळखायची खूण सोपी आहे. ते जर्नलच्या पानावर आधीपासून लिहिलेलं असतं, लेख स्वीकारल्यानंतरच मागितलं जातं, आणि सवलतीसाठी अर्ज कसा करायचा तेही बहुधा तिथंच दिलेलं असतं. लेख पाठवतानाच एखाद्या व्यक्तीच्या मोबाईल नंबरवर यूपीआय करा, असं खरं जर्नल सांगत नाही. परिषदेचं नोंदणी शुल्क ही निराळी बाब: ते सभागृह, जेवण, कागदपत्रं यांचं असतं, छपाईचं नव्हे.

वाचायलाही जर्नल्स महाग, ही तक्रार सरकारी संस्थांपुरती जानेवारी २०२५ पासून कमी झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. ग्रंथपालांकडून लॉगिन मागा. बेळगावातल्या खासगी महाविद्यालयांचे विद्यार्थी मात्र यातून बाहेर राहतात. त्यांनी लेखकालाच ईमेल करून प्रत मागावी. बहुतेक लेखक आनंदानं पाठवतात.

‘सीमाभागातली मराठी बिघडलेली, तिच्यावर कोण छापणार?’

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात मोठं अज्ञान या ओळीत आहे. भाषासंपर्काच्या अभ्यासात जगभर शिकवलं जाणारं एक गाव बेळगावपासून काही तासांवर आहे: कुपवाड, आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतलं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ मधला निबंध तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दूवर आहे. त्यांचं म्हणणं असं, की शब्द तिन्ही भाषांचे आपापले राहिले, पण वाक्याचा सांगाडा एक झाला. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे त्यांचं वाक्य घ्या. तिन्ही भाषांत ते जागच्या जागी, तुकड्याला तुकडा ठेवून बोललं जात होतं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनी त्याच गावात हा निष्कर्ष पुन्हा तपासला, आणि त्यांचा निबंध २०१६ मध्ये वर सांगितलेल्या दक्षिण आशियाई जर्नलातच आला. ज्याला मेसेजवाले बिघाड म्हणतात तोच इथं अभ्यासाचा विषय आहे.

मग सीमाभागातले पेपर परत का येतात? बोलीमुळे नव्हे, हाताळणीमुळे. एकच उदाहरण पाहू. बेळगावकडे सहज ऐकू येणारं वाक्य:

मी काम के-ल-ओ
मी काम करणे-भूत-१एव
‘मी काम केलं.’

(भूत म्हणजे भूतकाळ, १एव म्हणजे प्रथमपुरुषी एकवचन.) प्रमाण मराठीत ‘केलं’ हे क्रियापद ‘काम’ या नपुंसकलिंगी कर्माशी जुळतं. इथं ते कर्त्याशी जुळलं. कन्नडमध्येही क्रियापद कर्त्याशीच जुळतं. ‘तो सांगितला’ हीदेखील त्याच जातीची रचना, तिथं ‘ने’ही गळतो. विषय उत्तम आहे. चुका पुढे होतात.

पहिली चूक मांडणीची. उदाहरणाखाली तुकड्यातुकड्याचा अर्थ लिहायच्या लाइप्त्सिश पद्धतीत वरच्या ओळीत जितके तुकडे, तितकेच खालच्या ओळीत हवेत. एका तुकड्याचे दोन अर्थ असतील तर मध्ये टिंब द्यायचं, आडवी रेघ नाही. वर तीन तुकडे आणि खाली दोन असं दिसलं की रिव्ह्यूअरचा विश्वास पहिल्याच पानावर उडतो.

दुसरी चूक खोल आहे. बरेच जण खालच्या ओळीत ‘१एव.पुं’ असं लिहून मोकळे होतात. पण बेळगाव-कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात. मग हा प्रत्यय पुल्लिंगी कसा? कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, हे आठवलं की प्रश्न आणखी रंगतो. किती बायकांनी, कोणत्या वयाच्या, घरात कोणती भाषा बोलणाऱ्या, याची नोंद असेल तर एवढ्यावरच एक स्वतंत्र पेपर उभा राहतो.

तिसरी चूक ‘कन्नडचा प्रभाव’ हा निष्कर्ष आधीच गृहीत धरण्याची. कन्नड कानावर पडत नाही अशा गावातही तीच रचना सापडली तर? म्हणून तुलनेचे दोन गट ठेवावेत: सीमाभागातलेच पण कन्नड न येणारे, आणि साताऱ्याच्या आतल्या भागातले. दुसऱ्या गटासाठी तर प्रवासाआधीच काही सामग्री हाताशी आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचं मराठी बोलींचं सर्वेक्षण इंटरनेटवर खुलं आहे. त्याच प्रश्नांनी सीमेच्या अलीकडची सामग्री गोळा केली की तुलना थेट करता येते.

ध्वनिमुद्रण वेव्ह फाईलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटवर करावं. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज आकसलेला असतो, त्यावर ‘प्रात’ या ध्वनी मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली ध्वनींची मोजमापं टिकत नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढायचं इलान, प्रात, आणि शब्दांची फोड करून कोश बांधायचं फ्लेक्स ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. बोलणाऱ्याची संमती आधी घ्यावी, आणि ती ज्या भाषेत त्याला नीट कळते त्या भाषेत.

‘पुणे-दिल्लीला किंवा परदेशी गेल्याशिवाय परिषद नाही’

लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया १९२८ ची, तिचं ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ १९३१ पासूनचं. तिची वार्षिक परिषद वेगवेगळ्या विद्यापीठांत भरते. तिरुवनंतपुरमच्या द्रविडियन लिंग्विस्टिक्स असोसिएशनचीही तशीच. तिथं मराठी-कन्नड संपर्कावरचा पेपर उपरा ठरत नाही, हे आपल्याकडे मराठी विभागांत फारसं कुणी सांगत नाही. संगणकीय अंगानं काम असेल तर आयकॉन ही भारतातलीच परिषद आहे, आणि तिचे पेपर एसीएल अँथॉलॉजी या संगणकीय भाषाविज्ञानाच्या ऑनलाईन संग्रहात मोफत वाचता येतात. मैसूरची केंद्रीय भारतीय भाषा संस्था तर आपल्याच राज्यात आहे.

अडतं ते गोषवाऱ्याशी. कुठं ३०० ते ५०० शब्द मागतात, कुठं एक-दोन पानं. आपल्याकडचे गोषवारे ‘भाषा हे संवादाचे माध्यम आहे’ इथून सुरू होतात आणि मर्यादा संपते तरी मुद्दा येत नाही. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न, मग सामग्री कुणाकडून आणि कशी घेतली, दोन उदाहरणं, तुमचा दावा, आणि त्यानं आधीच्या कोणत्या मताला धक्का बसतो, हा क्रम ठेवा. ‘मी पुढे अभ्यास करणार आहे’ असं लिहिलेला गोषवारा जवळजवळ हमखास नाकारला जातो.

परिषदेनं लेखकाचं नाव लपवून पाठवायला सांगितलं असेल तर फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मधूनही नाव काढा, आणि ‘माझ्या मागच्या निबंधात’ असं लिहू नका. श्रीलिपी किंवा नुडी अशा जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करा, नाहीतर परीक्षकाला चौकोन दिसतात. उदाहरणं रोमन लिप्यंतरात किंवा आयपीए या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत द्या. देवनागरीत ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एकच दिसतो, ध्वनी मात्र दोन आहेत. मुदतीपुढे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ (पृथ्वीवर कुठंही ती तारीख चालू असेपर्यंत) लिहिलं असेल तर ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते.

‘मराठीत लिहिलेलं मोजत नाहीत’

मोजतात. यूजीसीच्या २०१८ च्या प्राध्यापक-नेमणुकीच्या नियमांत भाषा-मानव्य शाखांसाठी पेपरमागे १० गुण आहेत. अट पीअर रिव्ह्यूची, म्हणजे जाणकारांनी लेख तपासण्याची आहे, इंग्रजीची नाही. मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक १९८३ पासून भाषेवरच चाललं आहे. विद्यापीठ ते धरतं का, एवढं परिपत्रकात पाहून घ्या. जगभरच्या अभ्यासकांनी वाचावं असं वाटत असेल तर इंग्रजीतही लिहावं लागेल, हे मात्र खरं.

‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’

या शब्दाचा सोस कुठून येतो तेही पाहा. त्याच नियमांत सादरीकरणाला परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयसाठी ५, राष्ट्रीयसाठी ३ आणि राज्य-विद्यापीठ पातळीसाठी २ गुण आहेत. म्हणून कुणीतरी एका परदेशी पाहुण्याला ऑनलाईन बोलावतो आणि फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ रंगवतो. शिवाय वाचलेला पेपर प्रोसिडिंगमध्येही, म्हणजे परिषदेच्या निबंधसंग्रहातही छापला तर तो एकदाच धरला जातो. दोनदा दाखवलेले गुण छाननीत कापले जातात.

ज्यांनी पैसे आधीच भरले आहेत त्यांच्यासाठी: पेपर अजून लागला नसेल तर लगेच ईमेलनं माघार कळवा आणि कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका. ‘मागे घ्यायचे वेगळे पैसे’ मागितले जातील, ते देऊ नका. पत्रव्यवहार आणि पावती जपून ठेवा. पेपर एकदा तिथं लागला तर तोच मजकूर दुसरीकडे पाठवता येत नाही. पण त्यामागची सामग्री तुमचीच आहे: ध्वनिफिती पुन्हा ऐका, वर सांगितलेले तुलनेचे गट जोडा, आणि नवा प्रश्न घेऊन नवा पेपर लिहा. आधीच्या पेपरचा उल्लेख त्यात उघड करावा, म्हणजे पुढे साहित्यचोरी तपासणीत स्वतःच्याच वाक्यांवर अडकायची वेळ येत नाही.