सात वेळा आमदार, मंत्री एकदाही नाही

परवा कट्ट्यावर नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचे माजी आमदार जे. पी. गावितांचा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "सात टर्म आमदार राहून माणसानं केलं काय? सुरगाण्याला जाऊन यायचं तर अजून कंबर मोडते." तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९७८ ला लाल बावट्यावर, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून, सुरगाण्यातून पहिल्यांदा निवडून आले. मग ८०, ८५, ९०. पंच्याण्णवला पडले, ९९ आणि २००४ ला परत आले. २०१४ ला सगळ्या नव्या आमदारांना शपथ द्यायला विधानसभेचा हंगामी अध्यक्ष म्हणून हाच माणूस खुर्चीत होता, हे नाशकातल्याही किती जणांना आठवतं? मंत्रिपद मात्र कधीच नाही. पक्ष बदलायचा नाही म्हटल्यावर मिळणार कुठून?

शेजारच्या कळवणात ए. टी. (अर्जुन तुळशीराम) पवारांचं बरोबर उलटं. पक्ष बदलले, मंत्री झाले आणि तालुक्यात पाणी आणलं. पुनद धरणाला लोकांनी उगाच अर्जुनसागर म्हटलेलं नाही. मतदारसंघांची फेररचना झाली, सुरगाणा कळवणला जोडला गेला आणि दोघे समोरासमोर आले. २००९ ला पवार, २०१४ ला गावित. मतदारांनाही दोन्ही हवं होतं बहुतेक, पाणीही आणि भांडणाराही.

आता माझ्या मित्राचा प्रश्न. ६ मार्च २०१८ ला मी नाशकात सीबीएस बसस्टँडच्या चौकात स्कूटरवर अडकलो होतो. गावितांच्या पक्षाच्या किसान सभेचा लाँग मार्च, म्हणजे शेतकऱ्यांचा मुंबईपर्यंतचा पायी मोर्चा, निघत होता. ऑफिसला उशीर होतोय म्हणून मनात शिव्या घालत होतो, खोटं कशाला बोलू. दुभाजकावर एक मावशी टेकल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पिवळ्या पडलेल्या पावत्या. कसल्या म्हणून विचारलं. जंगलातल्या प्लॉटवर अतिक्रमण केलं म्हणून वनखात्यानं सासऱ्याकडून घेतलेल्या दंडाच्या. "तवा दंड भरला ते बरंच झालं," असं म्हणून हसल्या.

मला घरी येईपर्यंत कळलं नव्हतं. वनाधिकार कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं, आणि त्याला दंडाची पावती पुरावा म्हणून चालते. ज्या कागदानं गुन्हेगार ठरवलं तोच कागद जपून ठेवायचा! हे डोंगरातल्या, शाळा न पाहिलेल्या माणसांना पाड्यापाड्यावर जाऊन कुणी सांगितलं असेल? गावितांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. असलं काम आमदार निधीच्या फलकावर दिसत नाही. मार्च मुंबईत पोचला तेव्हा दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून ही माणसं सोललेल्या पायांनी रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालली. मी मात्र स्कूटरवर बसून चिडलो होतो.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळणाऱ्या सुरगाणा तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. २०२२ ला सीमेवरची गावं "आम्हाला गुजरातेत टाका" म्हणाली. इतकी वर्षं आमदार राहिलेल्या माणसाच्या हिशोबात हे धरायलाच हवं. विरोधी बाकावर निधी मिळत नाही हे कारण खरंय, पण हंडा वाहणाऱ्या बाईला ते सांगून काय उपयोग? २०१९ ला ए. टीं.चे चिरंजीव नितीन पवारांनी गावितांना पाडलं, २०२४ ला पुन्हा पाडलं. माझं मत शहरात, त्यामुळे मी निवांत बसून बोलतोय हेही मान्य.

पण काहीच केलं नाही, हे मला पटत नाही. मावशींसारख्या अनेकांच्या हातात वनजमिनीचा पट्टा आला, तरी सातबाऱ्यावर नाव गेलं ते 'इतर हक्कात'. ते कब्जेदार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून लागावं, ही मागणी घेऊन मार्च २०२३ मध्ये हजारो माणसं पुन्हा दिंडोरीहून निघाली आणि वाशिंदपर्यंत चालत गेली. पुढे गावितच होते. तेव्हा ते आमदार नव्हते.