बाणाचा शिक्का दिसला म्हणजे हातमोजे महायुद्धातले ठरत नाहीत

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जवळच्या देवळाली छावणीतल्या जुन्या ट्रंकांमधून निघणारे किंवा बुधवारच्या बाजारात मिळणारे, बाणाचा शिक्का असलेले लेदरचे हातमोजे म्हणे दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज वैमानिकांचे. लेबलवरच्या लांबलचक क्रमांकातले मधले दोन अंक म्हणजे साल. कातडं जितकं भेगाळलेलं, तितकं जुनं. आणि शिक्का पुसट असेल तर खोबरेल तेल चोळा. हे वाचून लोक हजारोंची बोली लावतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

तीन रेघांचा तो बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण होता, इथपर्यंत बरोबर. पण इंग्रज गेले तरी तो गेला नाही. देवळाली कॅम्पातून जाणाऱ्या एखाद्या लष्करी ट्रकची नंबरप्लेट बघा, आकड्यांच्या आधी वर टोक केलेला बाण दिसेल. ती खूण आपल्या सैन्यानं पुढे चालू ठेवली. शिवाय कॅनडाचा बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असतो, ऑस्ट्रेलियाचा दोन ‘डी’च्या मधे. त्यामुळे नुसत्या बाणावरून माल सरकारी, एवढंच म्हणता येतं. मुकुट आणि त्याखाली ‘ए एम’ असेल तर ती ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण. ते मंत्रालय 1918 ते 1964 या काळात होतं.

वैमानिकांचेच कशावरून? लांब कफाचे मोजे मोटरसायकलवरून निरोप पोचवणारे जवानही घालत. ब्रिटिश हवाई दलाच्या 1941 च्या नमुन्याला मनगटावर तिरकी धातूची चेन (झिप) असते, ती आहे का बघा.

आता आकडे. 8415-99 अशी सुरुवात असलेला तेरा अंकी क्रमांक दिसला की मेसेजवाले ‘1899’ किंवा ‘1999’ वाचतात. प्रत्यक्षात 8415 हा विशेष कामाच्या कपड्यांचा वर्ग आहे आणि पुढचे दोन अंक देशाचे: 99 ब्रिटन, 12 जर्मनी, 72 भारत. म्हणजे 72 पाहून ‘1971 च्या युद्धानंतरचा माल’ असं सांगणं साफ चूक. उलट, ही क्रमांकाची पद्धत नाटोनं महायुद्धानंतर स्वीकारली. ज्या मोज्यावर असा मूळचा क्रमांक आहे, तो महायुद्धातला असूच शकत नाही. अमेरिकन लेबलवर ‘डीएसए 100-67’ असा करार क्रमांक असेल तर मात्र तिथला 67 हा खरोखर 1967 या आर्थिक वर्षाचा असतो.

भेगांवरून काहीच ठरत नाही. घाम, ऊन आणि पत्र्याची ट्रंक मिळून चांगलं कातडं थोड्या वर्षांत तडकवतात. नीट जपलेला ऐंशी वर्षांचा मोजा मऊ राहू शकतो. त्यापेक्षा मोजा हळूच उलटा करा आणि बोटांच्या बेचक्यातली शिवण बघा, कारण दुरुस्ती सहसा बाहेरून झालेली असते. तिथला एखादा सुटून पडलेला धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, आणि पॉलिएस्टर बाजारात आलं तेच 1950 च्या दशकात. नायलॉनही वितळतं, पण ते युद्धकाळात होतं, म्हणून या एकट्या परीक्षेवर निकाल देऊ नका. मनगटाला वेल्क्रो मूळचाच असेल तर प्रश्नच मिटला, त्याचं पेटंट 1955 चं. निळ्या-जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली लेबल चमकलं की ते नवं असं समजतात, पण तिथेही घाई नको, कारण हल्लीच्या पावडरीत धुतलेलं जुनं कापडही तसंच चमकतं. मूळ जुळणीतला सगळ्यात नवा भाग ज्या काळातला, त्याच्या आधीचा मोजा असू शकत नाही.

खोबरेल तेलाचा सल्ला ज्यानं दिला त्यानं किती शिक्के कायमचे घालवले असतील! तेलानं कातडं काळं पडतं, शाईचा शिक्का त्यात बुडतो, आणि ते तेल पुन्हा बाहेर काढता येत नाही. पुसट शिक्क्यावर बाजूनं तिरपा टॉर्च मारून मोबाईलवर फोटो काढा, कॉन्ट्रास्ट वाढवा. बहुतेक वेळा तेवढ्यात अक्षरं लागतात.

देवळाली म्हणजे इंग्रजांची छावणी, हाही अर्धाच इतिहास. स्वातंत्र्यानंतरही तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण चालूच आहे, आणि जवळच्याच ओझरला 1964 पासून मिग या लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला. इथल्या घरांत निघणारे मोजे आपल्याच जवानांचे असण्याची शक्यता मोठी आहे. आजोबांचं युनिट आणि नेमणुकीची वर्षं सांगणारं कोणी घरात असेल तर आधी त्यांना विचारा, लेबलचा फोटो काढा, आणि मगच विकायचं की ठेवायचं ते ठरवा.