गोळी सुटण्याआधीचं वूस्टर

डिसेंबरात कुंडलला मामाकडे जेवत होतो. बातम्यांवरून विषय निघाला आणि मामेभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "अमेरिकेनं बंदूक उचलली, आठ वर्षांत इंग्रज हाकलला. आपल्याला चरखा फिरवून भीक मिळाली." मी तेव्हा भाकरी मोडत गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं. कारण ज्या सोप्यात आम्ही बसलो होतो तिथे आजोबांचा फोटो आहे, आणि त्याच्याखालच्या कोनाड्यात त्यांची टकळी.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराजवळ राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. मेन स्ट्रीटवरून रोज ऑफिसला जातो. दादाला या रस्त्याची गोष्ट सांगायला हवी होती.

1773 च्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या. चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. शिक्षा म्हणून लंडनच्या संसदेनं मॅसॅच्युसेट्सच्या लोकांकडून कौन्सिल निवडायचा हक्क काढून घेतला आणि टाउन मीटिंगवर, म्हणजे तिथल्या ग्रामसभेवर, बंधनं घातली. 6 सप्टेंबर 1774 ला वूस्टरचं कोर्ट उघडणार होतं. त्या सकाळी 37 गावांतून 4,622 माणसं आली. आकडा इतका नेमका, कारण त्यांच्यातल्याच एकानं गावागणिक मोजून लिहून ठेवला. रस्त्याच्या दोन्ही कडांना ही माणसं उभी राहिली आणि मधून कोर्टाचे अधिकारी टोप्या हातात घेऊन चालले. या नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही, असा कागद ते वाचत होते, आणि मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून तोच कागद तीसएक वेळा वाचावा लागला. गोळी एकही सुटली नाही. इंग्रजांची सत्ता या भागातून त्या दिवशी गेली ती परत आलीच नाही. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी लेक्सिंग्टनला चालली ती सात महिन्यांनी, 19 एप्रिल 1775 ला. आम्हाला सुट्टी मिळते ती त्या गोळीची. या रस्त्याची सुट्टी कोणी देत नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःची प्रांतिक सभा भरवली. गावांना सांगितलं, कर राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आमच्या माणसाकडे भरा. दादा, हे प्रतिसरकार नाही तर दुसरं काय? 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी आपल्याच गावांतून हेच केलं. तंटे इंग्रजांच्या कोर्टात नेऊ दिले नाहीत, न्यायदान मंडळं बसवली. प्रतिसरकारच्या तुफान सेनेकडे हत्यारं होती, तीही मी लपवत नाही. पण लोक ज्या दिवशी सरकारला सरकार मानायचे थांबले, तो दिवस हत्यारांच्या आधीचा होता, वूस्टरलाही आणि कुंडललाही.

आणि चरख्याचं म्हणशील, तर विलायती मालावर बहिष्कार पडला तेव्हा, 1769 च्या सुमारास, इथल्या बायका पाद्रीबुवांच्या घरी चरखे घेऊन जमत आणि दिवसभर सूत कातत. घरच्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालणं मानाचं झालं होतं. त्यांच्या पोरांना शाळेत कोणी शिकवत नाही की तुमच्या पणज्यांनी भीक मागितली.

बंदुकीचं म्हणशील, तर तीही एकट्याची नव्हती. 1781 ला यॉर्कटाउनला फ्रेंच आरमारानं समुद्राची वाट अडवली, जमिनीवर फ्रेंच फौज वॉशिंग्टनबरोबर उभी होती, तेव्हा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस 1786 ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. आणि लढाई संपली म्हणून देश झाला, असंही नाही. तेरा राज्यं, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. सैनिकांचे पगार थकलेले, आणि याच मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला 1786 ला कर्जात बुडालेले शेतकरी, लढून आलेले, पुन्हा कोर्टं बंद पाडायला उभे राहिले. मग 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बसून, भांडून राज्यघटना लिहिली. लोकसंख्या धरताना गुलामांची डोकी पाचातली तीन मोजायची, हा सौदा त्याच घटनेत आहे. शिवाय इंग्रजांशी भांडणारे हे लोक स्वतः त्याच साम्राज्यानं वसवलेले. ज्या जमिनीवर माझं घर आहे ती इथल्या मूळच्या निपमक लोकांची होती. आपले आजोबा स्वतःच्या गावात, स्वतःच्या जमिनीवर उभे होते. त्यांची तुलना करायचीच, तर खाली मान घालून कशाला करायची?

आमच्या टाउन मीटिंगमध्ये एका शाळेच्या छपरावर रात्री साडेदहापर्यंत लोक बोलतात. तुमच्याकडे ग्रामसभेचा कोरम भरत नाही आणि जेवताना देश तोडून-जोडून होतो. हे मी फोनवर दादाला बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तू तर पासपोर्ट दिलास त्यांना. आता आजोबा तुझे कसे?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिलो. बाहेर बर्फ सारणारा प्लाउ येऊन गेला, ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून गेला, तरी उठलो नाही. सहा वर्षांपूर्वी मी हात वर करून शपथ घेतली, की आजवर ज्या परक्या राजाचा वा राज्याचा मी प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची निष्ठा सोडतो. 'परक्या' हा शब्द उच्चारताना माझ्या डोळ्यांपुढे मामाचा सोपा होता. कोणी बळजबरी केली नव्हती. मुलीची शाळा, नोकरी, दर वेळची व्हिसाची धास्ती, कारणं खरी होती. पण त्या रात्री झोप आली नाही, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दादाला भीक हा शब्द सहज तोंडात येतो, तो तिथेच राहतो म्हणून. मला तो सोसत नाही, कारण माझ्याकडे आता आजोबांचं तेवढंच उरलंय.

येत्या डिसेंबरात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर, पुन्हा जाणार आहे. मुलीला बरोबर नेणार आहे. टकळी कोनाड्यातून खाली काढून तिच्या हातात द्यायची आहे, आणि दादा समोर असताना द्यायची आहे.