‘काऊन बे’चा सूर फोनवर कुठे जातो?

नागपुरात राग आणि माया यांचे शब्द वेगळे नसतात. ‘काऊन बे, फोन काऊन नाही केला?’ (काऊन म्हणजे का) हे सीताबर्डीच्या चहाच्या ठेल्यावर मित्र म्हणतो तेव्हा त्यात जिव्हाळा असतो, आणि तेच सहा शब्द भांडणाची सुरुवातही असू शकतात. फरक आवाजात असतो, खांद्यावर पडलेल्या हातात असतो. व्हॉट्सॲपच्या ओळीत तो हात येत नाही. उरतात सहा शब्द आणि एक प्रश्नचिन्ह.

रागात कसं बोलावं यावर गावाकडे सध्या एक वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, आपण विदर्भातली माणसं मनाची साफ, ओरडतो आणि मोकळे होतो. आताच्या पोरांना शब्दही सहन होत नाही. दुसरी बाजू म्हणते, परदेशातल्यांकडून शिका, ते कसे शांतपणे बोलतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पाहताना मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. इथलं शांत बोलणंही कधीकधी फारच थंड असतं, बर्फासारखं. त्याला संयम म्हणणं भाबडेपणा आहे.

‘ओरडून मोकळं व्हा’ हा सल्ला आधी तपासू. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणारे लोक, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. मग आपल्या मारबतीचं काय? तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे नावाच्या दुसऱ्या पुतळ्यांवर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून पुतळे जाळतात. तिथे राग गावाचा असतो, दिवस ठरलेला असतो, आणि जाळल्यावर विषय संपतो. घरातल्या भांडणात पुतळा जळत नाही. तो दुसऱ्या दिवशी जेवायला समोर बसतो.

मोठा आवाज हा खरा दोष नव्हे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं चित्रित केली. नातं मोडण्याचं सर्वांत ठळक लक्षण त्यांना तुच्छतेत दिसलं. ‘तुमचं काय बाबा, तुम्ही डॉलरवाले’ हे हळू आवाजातही तुच्छच असतं. टिकणाऱ्या जोडप्यांत मतभेदाच्या वेळीही एका कडू गोष्टीमागे साधारण पाच गोड गोष्टी असतात, हेही त्यांचंच निरीक्षण. नागपुरी भांडणात हे पाच कुठून येतात? ‘सोड ना बे’ म्हणण्यातून, पुढे सरकवलेल्या तर्री-पोह्याच्या प्लेटमधून. फोनवर प्लेट सरकवता येत नाही, म्हणून ते तोंडाने बोलावं लागतं. आपल्याला नेमकी त्याचीच सवय नाही.

त्यात फोन स्वतःची भर घालतो. दहा भाषांच्या 2009 सालच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधला खंड सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा निघाला. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाज जायला आणि उत्तर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मग आईने ‘दिवाळीला येतो ना?’ विचारलं आणि ‘हो’ उशिरा पोचलं, की ते नाइलाजाचं वाटतं. दोघं एकदम बोलू लागतात, प्रत्येकाला वाटतं समोरच्याने मधेच तोडलं. अशा वेळी व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवा, वायफाय कमजोर असेल तर साधा फोन लावा, आणि वाक्य संपल्यावर मनात एक अंक मोजा.

रागात छातीची धडधड मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरचं नीट ऐकू येत नाही, असं गॉटमन यांचं म्हणणं. तेव्हा किमान 20 मिनिटं थांबा. पण ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवू नका. तिकडे त्याचा अर्थ ‘रुसला’ असाच होतो. ‘साडेनऊला परत लावतो’ अशी वेळ सांगा आणि लावा. त्या 20 मिनिटांत मनात उत्तर रचत बसलात तर थांबणं वाया जातं, भांडी घासा. परत बोलताना ‘तू नेहमीच असा’ नको, ‘रविवारी फोन आला नाही, वाईट वाटलं’ एवढं पुरे.

मायेचा गोंधळ रागाहून कमी नाही. 2011 सालच्या एका अभ्यासात नवरा-बायको एकमेकांची मोघम वाक्यं अनोळखी माणसाहून काही जास्त बरोबर ओळखत नव्हते, पण आपलं बोलणं जोडीदाराला कळेलच हा भरवसा मात्र मोठा होता. ‘त्याला कळायला पाहिजे होतं’ हे त्यातूनच येतं. वर ‘सगळं बरं आहे’ आहेच: आई गुडघ्याचं लपवते, पोरगा गेलेली नोकरी लपवतो. ‘कशी आहेस?’ला ‘बरी’ हेच उत्तर येणार. ‘गोळी सुरू आहे का, जिना चढता येतो का?’ असं विचारा.

वेळही पाहा. नागपुरात रात्रीचे नऊ म्हणजे सिएटलला उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ: तिकडे डोळे मिटलेले, इकडे ऑफिसची घाई. त्यापेक्षा नागपूरचा शनिवार सकाळी साडेआठ बरा. इकडे शुक्रवारची रात्र, आठ वाजलेले, जेवण झालेलं. तिकडे पोहे समोर. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की इकडे सात. जमिनीचा वाद, लग्नाचा विषय, काय काढायचं ते तेव्हा काढा.