घसरणीत कसं घाबरावं

बाजार पडला की सगळ्यात आधी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहा हप्ता, बंद करा. युनिट स्वस्त झाली की घ्यायची नाहीत, हे पक्कं ठरवा. गावदेवी मार्केटात कांदा उतरला की आपण पिशवी घरीच ठेवून जातो ना, तसंच.

मग विकायची वेळ साधा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सनं २१ हजार ओलांडले, तेव्हा विकायचं नव्हतं. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या खाली गेला, तेव्हा विकायचं होतं. २३ मार्च २०२० ला एका दिवसात ३,९०० हून जास्त अंश गेले. त्या दुपारी ज्यांनी सगळं विकलं त्यांना रात्री शांत झोप लागली, ती नोव्हेंबरात बाजार जानेवारीच्या उंचीवर परत पोचेपर्यंत मोडली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाचे पैसे निवृत्तीआधीच एफडीत वळवले, तर पडत्या बाजारात काही विकावंच लागत नाही. म्हणून ते मुळीच करू नका, घाबरायला निमित्त उरणार नाही.

नोकरी गेली असेल तर पीएफ काढा. बदलली असेल तरी जुना पीएफ नव्या खात्यात वळवू नका. रक्कम ती काय, समजा ३ लाख. ८ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे १४ लाख होतात, पण २० वर्षं कुणी पाहिलीत? टीव्ही आज हवा आहे. सलग पाच वर्षांची नोकरी भरली नसेल तर वर करही भरायला मिळतो. (खातं वळवलं तर आधीच्या कंपनीतली वर्षंही धरली जातात. तो धोका टाळा.) यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल तर आत्ता हात लावू नका. क्लेम फेटाळला की मग वागळे इस्टेटच्या पीएफ कार्यालयात खेटे घालायचेच आहेत. वारसनोंदही राहू द्या, पोरांना काहीतरी उद्योग हवा.

हाती आलेली रक्कम एकाच सहकारी बँकेत टाका. अर्धा टक्का जास्त मिळतो आणि मॅनेजर ओळखीचे आहेत. ठेवीला विमा ५ लाखांचा, तोही मुद्दल आणि व्याज मिळून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र धरून. तरीही ५ लाख नौपाड्यात आणि ५ लाख वाशीत ठेवून जोखीम विभागल्याचं समाधान जरूर घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे हजार रुपये काढायची मुभा होती, सहा महिन्यांसाठी. हजारात सहा महिने कसे काढायचे ते मॅनेजरांनाच विचारा.

उरलेल्यात पनवेलच्या पलीकडे प्लॉट घ्या. ‘विमानतळापासून १५ मिनिटं’, म्हणजे रात्री अडीच वाजता. सातबारा मागू नका, दलालाला वाईट वाटतं. बिनशेतीचा आदेश, सामाईक हिस्सेदार, पोचरस्ता, हे सगळं टोकन दिल्यावर विचारायचं. साठीनंतर महिन्याच्या किराण्यासाठी त्यातला पाव गुंठा विकता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या नादी लागू नका. ३० लाखांपर्यंत ठेव, दर तिमाहीला व्याज, खातं उघडतानाचा दर पाच वर्षं तोच, पाठीशी केंद्र सरकार. सोसायटीच्या गेटवर उभं राहून हे कुणाला सांगणार?