आय-सेव्हन म्हणजे कोणता आय-सेव्हन, ते तोंडानं सांगा!

चार दिवसांपासून डोकं तापलं आहे, म्हणून लिहितो. लहाना भाऊ यवतमाळला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला घरी ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, सराव करता यावा म्हणून डेस्कटॉप जोडायचा आहे. बजेट ३५,००० रुपये. हे पस्तीस हजार म्हणजे पाच क्विंटल कापूस. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता, पण नोंदणी करून नंबर लागेपर्यंत थांबायची सोय नव्हती, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर होती. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, सात हजारानं घातला. त्यातला निम्मा कापूस आईनं स्वतः वेचला आहे. म्हणून या पैशाला कोणी थापा मारून हात घातला की माझं रक्त उसळतं.

आधी तालुक्याच्या दुकानात गेलो. "भाऊ, आय-सेव्हन देतो, सोळा जीबी रॅम, एसएसडी, मॉनिटर धरून अठरा हजार. डोये झाकून घ्या." आता आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नुसतं घराण्याचं नाव. मी विचारलं, कोणत्या जनरेशनचा, म्हणजे कितव्या पिढीचा? "आय-सेव्हन तं टॉपचाच रायते ना भाऊ!" तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. शेवटी मशीन चालू करायला लावलं आणि सिस्टीमची माहिती उघडली. कोअर आय-सेव्हन २६००. २०११ सालचा प्रोसेसर! माझा भाऊ तेव्हा अंगणवाडीत जात होता. खाली एच६१ बोर्ड, त्यावर डीडीआर३ रॅम, दोन्ही त्याच जुन्या काळातले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग हे मशीन घेऊन पोरानं करायचं काय? २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० घ्या. त्यालाही चारच कोअर, आठच थ्रेड, म्हणजे काम करणारे हात तेवढेच, पण वेगात तो या 'टॉप'च्या दुपटीहून पुढे आहे.

जुना माल विकायला माझी हरकत नाही. जुना म्हणून विका, वर्ष सांगून विका, स्वस्तात द्या, टायपिंग शिकणाऱ्या पोरीच्या कामी येईल. पण 'आय-सेव्हन' एवढंच अर्धं नाव सांगायचं आणि पुढचा आकडा गिळून टाकायचा, ही फसवणूक आहे. आमच्याच गावातल्या एका कास्तकारानं असाच डबा मुलीसाठी घेतला. तिच्या क्लासचं सॉफ्टवेअर त्यावर बसेना. तो माणूस मला विचारतो, "काहून बाप्पा, हे तं आय-सेव्हन आहे ना?" काय सांगू त्याला?

मग एसटीनं नागपूर गाठलं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानानं कोटेशन दिलं, बरोब्बर पस्तीस हजारात बसलेलं. आय-थ्री १२१००एफ, एच६१० बोर्ड, सोळा जीबी, ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, मॉनिटर. मला आनंद झाला. बाहेर चहा घेताना पुन्हा कागद वाचला आणि त्या 'एफ'वर नजर अडकली. इंटेलच्या या एफवाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतो. वेगळं ग्राफिक कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कोटेशनमध्ये कार्ड कुठेच नव्हतं! परत जाऊन विचारलं तर म्हणे, "कार्ड मागून घ्या ना, बजेट आलं की." म्हणजे दीडशे किलोमीटर डबा घेऊन घरी यायचं, वायरी लावायच्या आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायचं? एफ नसलेला १२१०० किंवा ग्राफिक आतच असलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, हे दोन पर्याय त्याला माहीत नसतील असं मी मानत नाही. मी विचारेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही.

आणि एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा भाग! सगळ्यात जास्त राग याचाच येतो. "कॅबिनेटसोबत पाचशे वॅटचं येतेच." कोणत्या कंपनीचं? १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर? स्टिकरवर काही नाही. आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा रेंगाळतो, व्होल्टेज १७० वर येतं. लाइट जाऊन परत येते तेव्हा झटका वेगळाच. मे महिन्यात ४५ अंश आणि डोक्यावर टिनाचं छप्पर. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो पडलेलं व्होल्टेज झेलतो. हलका जळतो, आणि कधी कधी बोर्डही सोबत नेतो. यूपीएसचंही तेच. ६०० लिहिलेलं असतं ते व्हीए, वॅट नव्हे. खरे वॅट साधारण ३६०. हे कोणी बोलत नाही. पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले म्हणतात एसएमपीएसमध्ये बचत करू नका, आणि इथला दुकानदार पहिली कात्री तिथंच लावतो.

त्यात रॅम महागली आहे. मोठमोठ्या एआय कंपन्यांच्या डेटा सेंटरसाठी मेमरी उचलली जाते, २०२५ च्या शेवटापासून भाव भडकले. तो भार मी समजू शकतो, दुकानदाराच्या हातात ते नाही. पण रॅमची आठ जीबीची एकच पट्टी लावून बिलावर सोळा लिहायचं, हे तर त्याच्या हातात आहे ना? तिसऱ्या दुकानात तेही पाहिलं.

ऑनलाइन मागवा म्हणणाऱ्यांनो, आमच्या पिनकोडवर कॅबिनेट येत नाही, मॉनिटर येत नाही.

शेवटी एका ठिकाणी सगळे पार्ट जुळले. ५६००जी, आठ जीबी रॅमच्या दोन पट्ट्या, नाव असलेला एसएमपीएस. पैसे काढणार, तेवढ्यात, "बिल पायजे असन तं अठरा टक्के वेगळे." अरे, बिल नसेल तर उद्या बोर्ड बिघडल्यावर वॉरंटी कोणत्या कागदावर मागू? तो जीएसटी मी देईन, पण मग तो आधीच किमतीत धरून सांगा की! हातातले पैसे पुन्हा खिशात घातले आणि बाहेर पडलो.

सोमवारी पुन्हा सकाळची एसटी धरतो. आईनं पैसे रुमालात बांधून ठेवले आहेत. प्रत्येक पार्टचा पूर्ण नंबर डब्यावर स्वतः वाचीन, तिथंच मशीन चालू करून बघीन, पक्कं बिल हातात घेईन. तोवर त्या रुमालाची गाठ मी सोडणार नाही.