क्रिकेटला हॉल भरतो, जेवणाच्या ट्रेला नाही

काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

काल इथे अमेरिकेत आमच्या सिटी कौन्सिलची सभा होती. अजेंड्यावर क्रिकेटच्या मैदानाचा विषय होता आणि आपल्या लोकांनी हॉल गच्च भरला. एकाच रंगाचे टी-शर्ट, कडेवर पोरं, माइकवर प्रत्येकी तीन मिनिटं. बोललेही झकास. मी टाळ्या वाजवल्या. मग विषय संपला, आणि पार्किंगमधल्या गाड्यांचे लाइट लागायच्या आत हॉल मोकळा! पुढचा विषय होता सीडीबीजीच्या पैशांची पब्लिक हिअरिंग. मागे उरलो कोण, तर संस्थांची तीन-चार माणसं, दर सभेला कागदांची चळत घेऊन येणारे एक गोरे आजोबा आणि मी. "कुणाला बोलायचंय का?" असं विचारताना महापौरबाई घड्याळाकडे बघत होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सीडीबीजी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. १९७४ चा कायदा आहे, फोर्ड अध्यक्ष होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्यांनी सही केली. त्याआधी वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, प्रत्येक कामाला वेगळा पैसा आणि वेगळी अट लावून द्यायचं. १९७४ पासून सगळं एका थैलीत घातलं आणि शहरांना म्हटलं, तुमच्या गावाची गरज तुम्हाला जास्त कळते, तुम्हीच ठरवा. साधारण पन्नास हजारांवर वस्तीच्या शहरांना हे पैसे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून थेट मिळतात. किती, ते सूत्रावर ठरतं: लोकसंख्या, गरिबी, दाटीवाटीची घरं, १९४० पूर्वीची जुनी घरं वगैरे. म्हणजे आपल्या गावाला पैसा मिळतो तो गावातल्या गरिबांच्या नावावर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता आजींबद्दल. माझ्या ओळखीच्यांना माहीत आहे, मी गुरुवारी म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या व्हॅनबरोबर मदतीला जाते. त्या फेरीवर एक मराठी आजी आहेत. सिनिअर बिल्डिंगमध्ये एकट्या, मुलगा टेक्ससला. ट्रेला तीन खण: उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा, बटाट्याचा गिळगिळीत लगदा आणि काहीतरी बीन्सचं. शेजारी एक गोल पाव आणि दुधाचं छोटं खोकं. पहिल्यांदा मी दिलं तेव्हा प्लास्टिक सोलून त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, पिठलं आजारी पडलं की असं दिसतं." मग ओट्यावरची स्टीलची डबी उघडली आणि बटाट्यावर चमचाभर मेतकूट भुरभुरलं. आता दर वेळी तेच. शाकाहारी ट्रे सुरू झाला तोही बऱ्याच भांडणानंतर. त्याआधी आजी दूध आणि फळ ठेवून घ्यायच्या आणि बाकीचा ट्रे शेजारणीला द्यायच्या.

तर त्या थैलीतल्या पैशांचं गणित. कायदा म्हणतो, किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या कामी यायला हवा. चांगलं आहे. पण "सार्वजनिक सेवा" म्हणजे जेवण, समुपदेशन, मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा, मुलांचे शाळेनंतरचे वर्ग, इंग्रजीचे वर्ग, यावर १५ टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही. शहराला समजा दहा लाख डॉलर आले, तर दीड लाखात हे सगळं बसवायचं. प्रशासन आणि नियोजनाला मात्र २० टक्क्यांपर्यंत मुभा! माणसांपेक्षा फायलींची मर्यादा मोठी. उरलेल्या पैशात फूटपाथ, गटारं, पार्कची स्वच्छतागृहं, घरदुरुस्ती.

मग त्या दीड लाखावर गावातल्या सगळ्या संस्था तुटून पडतात. आसराघरवाली बाई जेवणवाल्यांच्या विरोधात, जेवणवाले शाळेनंतरच्या वर्गांच्या विरोधात. काल त्या चौघांनी एकमेकांकडे बघायचंही टाळलं. एरवी ती माणसं एकमेकांना केसेस पाठवतात.

आणि माझा पारा चढला तो इथे. १५ टक्के ही कमाल मर्यादा आहे, आणि आमच्या गावाने यंदा ती गाठलेलीसुद्धा नाही. जेवणाच्या फेरीचे पैसे कापले. फूटपाथ आणि पार्कचे वाढवले. का, तर स्टाफच्या म्हणण्याप्रमाणे छोट्या छोट्या ग्रँटची देखरेख जिकिरीची होते. संस्थांनी आधी पदरचे खर्च करायचे, मग पावत्या लावून मागायचे, मग प्रत्येक लाभार्थीचा फॉर्म तपासायचा. त्यापेक्षा एक कंत्राटदार, एक काम, एक बिल. शिवाय पैसा वेळेत संपवायचाही नियम आहे. वर्षअखेरीला दोन महिने उरले असताना वार्षिक रकमेच्या दीडपटीहून जास्त पडून राहिला की खातं डोळे वटारतं. काँक्रीट भराभर पैसा खातं. आणि त्याची फीतही कापता येते. आमच्या पुण्यात नगरसेवक निधीच्या बाकड्यावर "सौजन्य" लिहून मोठ्ठं नाव असायचं, ते आठवलं. इथे नाव लिहीत नाहीत, फोटो काढतात.

बरं, फूटपाथही लागतो. आजी वॉकर घेऊन त्यावरूनच चालतात. आणि असा फूटपाथ जिथे निम्म्याहून जास्त, ५१ टक्के, लोक कमी उत्पन्नाचे आहेत अशाच वस्तीत करावा लागतो, हेही खरं. जेवणाचा मोठा खर्च १९६५ च्या वृद्धांसाठीच्या कायद्यातून निघतो, सीडीबीजीतून नाही, हेही मान्य. पण व्हॅनचं पेट्रोल, ड्रायव्हरचे तास आणि तो शाकाहारी ट्रे या चिमूटभर पैशातूनच येतात.

ड्रायव्हरचे तास म्हणजे काय ते सांगते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आजींच्या दाराला आदल्या दिवसाची पिशवी तशीच लटकत होती. आमचा ड्रायव्हर पोर्टो रिकोचा आहे, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याने दुसरी पिशवी शेजारी अडकवून पुढे जायला हवं होतं, फेरी वेळेवर संपते ती अशीच. तो गेला नाही. खाली जाऊन बिल्डिंगच्या सुपरला, म्हणजे देखभाल करणाऱ्याला, वर ओढत आणलं, दार उघडवलं. आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेल्या. शुद्धीवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलाला फोन लागला तेव्हा अँब्युलन्स निघालीसुद्धा होती. हे काम कुठल्या रकान्यात लिहायचं? अर्जात एकच आकडा विचारतात: किती ट्रे वाटले.

आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर काल रात्री आलेला मेसेज. "आपण इतका टॅक्स भरतो आणि तो फुकट्यांवर उधळतात." दादा, तुमच्या आईसुद्धा सिनिअर सेंटरच्या व्हॅनने योगाच्या क्लासला जातात. ती व्हॅन कोण चालवतं असं वाटलं तुम्हाला, गणपती बाप्पा? याहून जास्त लिहीत नाही, माझी आणि तुमच्या बायकोची मैत्री आहे.

शांत होते. चहा करून आले.

राग खरं तर कौन्सिलवरही तेवढा नाही. काल त्यांच्यासमोर क्रिकेटसाठी भरलेला हॉल होता आणि जेवणासाठी रिकामा. त्यांनी कुणाचं ऐकायचं? आजी माइकपर्यंत येऊ शकत नाहीत. ड्रायव्हर दुसऱ्या नोकरीवर असतो. संस्थेची बाई बोलली, पण तिला वाटतं जास्त बोललं तर पुढच्या वर्षी अर्जाचे गुण कापतील, म्हणून निम्मा वेळ आभार मानण्यात गेला. मी उठले आणि आजींची गोष्ट सांगितली. मेतकूट इंग्रजीत सांगताना फजिती झाली ते सोडा. दोन सदस्यांनी मान वर करून ऐकलं. एकाने लिहूनही घेतलं. म्हणजे ऐकतात हो! पण माझ्या मागे आणखी चाळीस जण बसले असते तर?

वरून ही थैलीच धोक्यात आहे. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या बजेटने सीडीबीजी शून्यावर आणायचा प्रस्ताव ठेवला होता, काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो मानला नाही. २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रस्ताव. हा पैसा देशभरात वर्षाला सव्वातीन अब्ज डॉलरच्या आसपास आहे आणि महागाई धरली तर वर्षानुवर्षं आटतच आलाय. पैसा गेला की मग सगळे हळहळणार, "अरेरे, ती व्हॅन छान होती."

तर कामाचं. हे पैसे कसे खर्च करायचे याचा शहराचा आराखडा ३० दिवस लोकांच्या मतासाठी खुला ठेवावाच लागतो. त्या काळात लेखी मत पाठवता येतं, ईमेलनेही. आणि गंमत म्हणजे आलेल्या मतांचा गोषवारा शहराला आराखड्याला जोडावा लागतो. एखादं मत मान्य केलं नाही तर का नाही, तेही लिहावं लागतं. म्हणून दोन ओळी पाठवल्या तरी त्या वॉशिंग्टनच्या फायलीत जातात. "आम्ही सिटिझन नाही" ही सबब सांगू नका, मतदान नाहीये हे, माइकवर कुणी व्हिसा विचारत नाही. काल क्रिकेटच्या वेळी नाही विचारला. ईमेलमध्ये एवढंच लिहा: सेवांचा वाटा पूर्ण १५ टक्के करा, आणि जेवणाच्या फेरीचे कापलेले पैसे परत द्या. मसुदा मागेल त्याला पाठवते.

आणि क्रिकेटवाल्यांनो, तुमच्याकडे सगळ्यांच्या ईमेलची यादी आहे, मला माहीत आहे. ती मला उद्यापर्यंत हवी. नाही दिलीत तर शनिवारी गणपतीच्या मीटिंगला मी येतेच आहे, आणि प्रसादाची जबाबदारी यंदा कुणाकडे आहे हे तुम्हाला आठवत असेलच.